एम्बुरो सरोवर : कुरण, माशी आणि झेब्रे

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे या मालेतही त्यावरच बोलू अशी संयोजकांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळवला तो युगांडामधल्या एका राष्ट्रीय उद्यानाचा. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग विचारणा झाली, “सर, स्लाइड्स असतील ना?” आहेत, पण मोजक्या. त्यातल्या एका फोटोपासूनच सुरुवात करतो. हे व्याख्यान पुढे जे लेखी वाचतील त्यांना तो दिसणार नाही, म्हणून वर्णन करून सांगतो.

उतारावर पंधरा-सोळा झेब्रे चरताहेत. मागे बाभळी, त्यांच्याही मागे सरोवराची निळसर रेघ. फोटो चांगला आला आहे. मात्र डाव्या कडेला काहीतरी पांढरं, वाकडं घुसलंय. ते गायीचं शिंग आहे. आम्ही चौघे होतो, सगळे सत्तरीच्या आगेमागे. उद्यानाच्या सीमेबाहेर, खाजगी कुरणांमध्ये, हा कळप दिसला आणि त्यात अंकोले गायी मिसळलेल्या. आम्ही ड्रायव्हरला म्हटलं, थांब जरा, गायी बाजूला होऊ देत. त्याने गाडी बंद केली, हात चाकावर ठेवले आणि अगदी शांतपणे म्हणाला, “तुम्ही गायी हलायची वाट बघताय. आमचे आजोबा झेब्रे हलायची वाट बघायचे. गायी नीट दिसाव्यात म्हणून.”

त्या एका वाक्यामुळे आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत.

आधी ठिकाण सांगतो, कारण नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. युगांडाला जाणारा माणूस जातो तो गोरिला बघायला, ब्विंडीला. किंवा मर्चिसन धबधब्याला. कंपालाहून नैऋत्येला मबरारा शहराकडे जाणारा हमरस्ता आहे. वाटेत विषुववृत्त ओलांडावं लागतं, तिथे सगळे गाड्या थांबवून फोटो काढतात. तसेच पुढे गेलात की मबराराच्या अलीकडे डावीकडे फाटा फुटतो. कंपालापासून साधारण चार तास. हे लेक एम्बुरो राष्ट्रीय उद्यान. बहुतेक प्रवासी ब्विंडीच्या वाटेवर एक रात्र टेकायचं म्हणून इथे येतात आणि सकाळी निघून जातात. आम्ही चार रात्री राहिलो.

सवाना प्रकारच्या उद्यानांत युगांडातलं हे सर्वांत लहान. इथे हत्ती नाहीत. सिंहांचे कळप नाहीत. गुरं मारतात म्हणून गुराख्यांनी ते केव्हाच संपवले. “मग बघायचं काय?” असं आम्हाला परतल्यावर अनेकांनी विचारलं. बघायचं पुष्कळ आहे. इम्पाला हरणं युगांडात मुख्यतः इथेच आहेत. कंपाला हे नावच मुळी इम्पालांच्या टेकडीवरून पडलं. आज त्या टेकडीवर राजधानी आहे आणि इम्पाला दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, इथे. झेब्रे आहेत, रानम्हशी, ईलंड, टोपी, वॉटरबक आहेत, रात्री नशीब असेल तर बिबट्या. जिराफ नव्हते, ते २०१५ मध्ये मर्चिसनहून पंधरा आणून सोडले. हत्ती आणि सिंहांचे कळप नसल्यामुळे बंदूकधारी रेंजरबरोबर पायी हिंडता येतं, आणि आफ्रिकेच्या मोठ्या उद्यानांत न मिळणारं सुख ते हेच. गाडीच्या काचेतून झेब्रा बघणं वेगळं आणि त्याच गवतात आपण उभे असताना तो मान वर करून आपल्याकडे बघतो ते वेगळं.

सरोवरावर सकाळी होडीतून गेलो. काठाने पपायरसच्या लव्हाळ्याची भिंत, तिच्यात खंड्याचे प्रकार, वर मत्स्यगरुड. पाणघोडे डोळे आणि कान तेवढे वर ठेवून आमची मोजदाद करत होते. फिनफूट नावाचा एक लाजरा पाणपक्षी इथे दिसतो, त्यासाठी पक्षिप्रेमी दूरदूरहून येतात. आम्हाला तो दिसला, म्हणजे आमच्या मित्राला दिसला आणि आम्ही ‘हो हो’ म्हटलं. असो.

इथे जवळजवळ एकमेकांना लागून अशी चौदा सरोवरं आहेत, मधल्या दलदलीने जोडलेली. त्यांतली पाच उद्यानाच्या हद्दीत. या पाण्याबद्दल एक कथा सांगतात. इथे पूर्वी दरी होती आणि तिच्यात किगारामा आणि एम्बुरो असे दोघे भाऊ राहत. किगारामाला स्वप्न पडलं की मोठा पूर येणार. त्याने भावाला सांगितलं. एम्बुरोने ते मनावर घेतलं नाही. किगारामा डोंगरावर गेला, एम्बुरो दरीतच राहिला आणि बुडाला. सरोवराला बुडालेल्याचं नाव, टेकड्यांना वाचलेल्याचं. म्हणजे या लोकांच्या स्मृतीत ही जागा आधी घराची आहे, मग पाण्याची. हे लक्षात असू द्या.

आता इतिहासाकडे वळू. हा सगळा प्रदेश न्कोरे राज्याचा. ब्रिटिशांनी त्याला आजूबाजूचे मुलूख जोडले आणि ‘अंकोले’ केलं. त्याचं त्याहून जुनं नाव कारो-करुंगी, म्हणजे सुंदर भूमी. राजाला ओमुगाबे म्हणत. समाजात दोन मुख्य गट, शेती करणारे बैरु आणि गुरं राखणारे बाहिमा. बाहिमांचं सगळं जग गायीभोवती. आणि गाय कसली! आपल्याकडे खिल्लारी बैलाच्या शिंगांचं कौतुक होतं, अंकोले गायीची शिंगं त्याहून कितीतरी लांब आणि जाड, वीणेसारखी वर वळलेली. रंगांना स्वतंत्र नावं, शिंगांच्या वळणांना स्वतंत्र नावं. गर्द तांबूस-तपकिरी रंगाची गाय सर्वांत देखणी, तिला ‘बिहोगो’ म्हणतात. गायींवर आणि लढायांवर रचलेली त्यांची मौखिक कवनं एच. एफ. मॉरिस या अभ्यासकाने १९६४ मध्ये ग्रंथरूपाने छापली. आज उद्यानाचा गाभा असलेल्या भागाला न्शारा म्हणत, आणि तिथे राजाच्या निवडक देखण्या गायी चरत. उद्यानाच्या एका फाटकाला अजून न्शारा हेच नाव आहे. तिकीट तिथेच फाडतात.

याच हमरस्त्यावर पुढे बिहार्वे नावाचं गाव लागतं. तिथली आख्यायिका अशी, की उत्तरेकडच्या बुन्योरोचा राजा ओलिमी न्कोरेच्या गायी लुटून परत निघाला होता, आणि बिहार्वेला भर दिवसा सूर्य नाहीसा झाला. राजा घाबरला, गायी तिथेच टाकून पळाला. न्कोरेच्या लोकांना वाटलं, गायी आकाशातून परत मिळाल्या. बऱ्याच अभ्यासकांनी या कथेचा संबंध १५२० सालच्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडला आहे. कालगणना वादाची आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण बघा, ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही त्यांनी पाच शतकं एक गोष्ट जपली, आणि ती गायींच्या परतीची.

मग हे कुरण रिकामं झालं कसं? इथे आम्हाला जरा सावकाश जायला हवं, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

१८८७ च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर मसावा बंदरात बुळकांडी रोगाने पाय ठेवला. इटालियन फौजेसाठी बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर तो आला, आणि ती गुरं भारतातून आली होती असं बरेच इतिहासकार मानतात. आफ्रिकेच्या या भागाला हा रोग नवा. तिथल्या गुरांमध्ये प्रतिकारशक्ती शून्य. तीन-चार वर्षांत साथ दक्षिणेकडे सरकत अंकोलेत पोचली आणि बहुतेक गुरं मेली. दुधावर जगणारा समाज. गाय मेली म्हणजे जेवण गेलं, लग्न गेलं, प्रतिष्ठा गेली. रानम्हशीही मेल्या. आणि कुरणावर चरणारं तोंडच उरलं नाही.

चरणं थांबलं की गवताच्या जागी झुडूप येतं. गुराखी दर हंगामात जुनं गवत पेटवत, त्यात झुडपांची रोपं जळत, तेही थांबलं. झुडूप वाढलं की त्याच्या सावलीत त्से-त्से माशी येते. ही माशी माणसाला निद्रारोग देते आणि गुरांनाही मारते, पण रानटी जनावरांच्या अंगात तोच परोपजीवी सुखाने नांदतो. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी निद्रारोगाने दोन लाखांहून अधिक माणसं गेली. पुढच्या दशकांत माशी अंकोलेच्या पूर्व भागात पसरत गेली आणि तिच्यापुढे माणसं आणि गुरं मागे हटत गेली. जॉन फोर्ड या कीटकशास्त्रज्ञाने १९७१ साली या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वसाहतवाद्यांच्या आधी आफ्रिकी समाजांनी वस्ती, चराई आणि आग यांच्या जोरावर या माशीशी एक तोल साधला होता. साथी आणि वसाहतींच्या धक्क्याने तो मोडला. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला जे ‘आदिम अरण्य’ दिसलं, ते पुष्कळ ठिकाणी एका मोडलेल्या संसाराचं अंगण होतं.

अशा जागेला सरकारने १९३३ मध्ये नियंत्रित शिकारीचं क्षेत्र ठरवलं. म्हणजे परवाना असेल त्याने शिकार करावी. गुराखी राहत होते, जमेल तिथे चारत होते.

यानंतरचा प्रकार ऐकून आम्हाला पहिल्यांदा हसू आलं होतं, मग आलं नाही. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आणि १९६० च्या दशकात अंकोलेत त्से-त्से निर्मूलनाची मोहीम निघाली. झुडपं तोडा, औषध फवारा, आणि माशीला ज्यांच्या रक्तावर जगता येतं ती रानटी जनावरंच मारून टाका. पगारी शिकारी नेमले गेले. हजारो जनावरं मारली. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, न्शाराचा भाग वन्यप्राण्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला. म्हणजे एकीकडे सरकारच गोळ्या घालतंय आणि शेजारी सरकारच राखतंय. माशी हटल्यावर गुराखी परतले, पण मोकळं गायरान आता पूर्वीसारखं उरलं नव्हतं. आजूबाजूला अमेरिकी मदतीने एक रँच योजना आली. साधारण पाच पाच चौरस मैलांचे तुकडे पाडून कुंपण घातलं. ते तुकडे मिळाले वजनदार, शिकलेल्या, ओळखीपाळखी असलेल्यांना. ज्यांच्या पिढ्या तिथे चारत आल्या, ते स्वतःच्याच कुरणात अतिक्रमण करणारे ठरले.

इथे आम्ही आमच्या विषयातलं एक नाव घेणार आहोत, माफ करा, सवय जात नाही. जॉन लॉक. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने मालकीची मांडणी केली, की माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. नांगरतो, लावतो, सुधारतो. चराईचं नाव लॉक घेतो हे खरं. पण त्याच्या डोळ्यांपुढे इंग्लंडातलं राखलेलं, सुधारलेलं कुरण आहे. बाहिमा गुराखी श्रम करतो ते गायीवर. गवतावर त्याच्या श्रमाची खूण राहत नाही. उलट, राहिली तर जळकी खूण राहते, आणि ती बघणाऱ्याला नासधूस वाटते. जो जमिनीवर खूण ठेवत नाही त्याचा हक्क कागदावर उमटत नाही. अशी जमीन नकाशावर कायम ‘रिकामी’ दिसते. आम्ही तीस वर्षं लॉक शिकवला आणि हा मुद्दा आम्हाला न्शाराच्या फाटकावर, रांगेत उभे असताना सुचला, हे कबूल करायला हवं.

आता १९८३. ओबोटे यांची दुसरी कारकीर्द. आधीच्या कारकिर्दीत, १९६७ साली, त्यांनी अंकोलेसह सगळी राज्यं बरखास्त केली होती. आता त्यांच्याविरुद्ध १९८१ पासून गनिमी युद्ध चाललेलं आणि त्याचे नेते योवेरी मुसेवेनी हे स्वतः अंकोलेचे बाहिमा. साहजिकच त्या भागातल्या गुराख्यांकडे सरकार संशयाने बघत होतं. १९८२ च्या ऑक्टोबरात सत्ताधारी पक्षाच्या लोकांनी मबरारा भागातून रवांडी वंशाच्या हजारो माणसांना हुसकावलं. त्यात बाहिमाही भरडले गेले. पुढच्याच वर्षी एम्बुरोला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे साडेसहाशे चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारीच्या गाभा क्षेत्राहून किंचित मोठं. आत राहणाऱ्यांना बाहेर काढलं. नुकसानभरपाई नाही, पर्यायी कुरण नाही. यात निसर्गरक्षण किती आणि विरोधकांना धडा शिकवणं किती, याचा वाद घालता येईल; पण निव्वळ झेब्र्यांच्या प्रेमाने हे झालं असं म्हणायला कुणी धजावणार नाही.

१९८५ च्या जुलैत ओबोटे सत्तेवरून गेले आणि काढलेली माणसं परत आली. त्यांनी कर्मचाऱ्यांना पळवलं, इमारती पाडल्या, आणि जनावरं मारायला सुरुवात केली. खाण्यापुरती नव्हे, दिसतील तेवढी. त्यामागचा हिशेब सरळ होता: राखायला जनावरच उरलं नाही, तर उद्यान कशाला राहील?

आम्ही या जागी थोडं थांबतो. वीस-पंचवीस वर्षांच्या आत तीच जनावरं दोनदा मारली गेली. पहिल्यांदा सरकारने मारली, गुरांसाठी. दुसऱ्यांदा गुराख्यांनी मारली, सरकारवरच्या रागाने. झेब्र्याचा दोष दोन्ही वेळा काहीच नव्हता. गुराख्यांनी केलं ते बरोबर, असं आम्ही म्हणणार नाही; त्यांचा राग खोटा होता असंही म्हणणार नाही. शिकलेल्या माणसाला अशा ठिकाणी लगेच एक बाजू घ्यावीशी वाटते. आम्हाला ती अजून सापडलेली नाही.

जानेवारी १९८६ मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले. आता राज्य आपलं, म्हणून गुराख्यांना वाटलं उद्यान मोडीत निघेल. तसं झालं नाही. मूळ क्षेत्राच्या निम्म्याहूनही कमी भागाचं उद्यान करून बाकीचं लोकांना वाटून टाकलं. आतली कुटुंबं एकदम निघाली नाहीत, हळूहळू बाहेर गेली. शेजारची रँचेसही १९९० मध्ये कुळांच्या उठावानंतर फोडून वाटली गेली. १९९१ पासून उद्यानाने शेजाऱ्यांशी बोलायला माणसं नेमली, युगांडात हा प्रयोग पहिल्यांदा इथे झाला. १९९६ च्या कायद्याने प्रवेश शुल्काचा पाचवा हिस्सा भोवतालच्या गावांना मिळू लागला. त्यातून शाळा झाल्या, दवाखाने झाले. चांगलंच आहे.

पण मार्क इन्फील्ड नावाचे एक संशोधक इथे पुष्कळ वर्षं काम करत होते, त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. उद्यानवाले गुराख्यांशी बोलतात ते पैशाचं, शाळेचं, फायद्याचं. गुराखी आपसांत बोलतात ते गायीच्या देखणेपणाचं. देखण्या गायीला देखणी भूमी हवी, असं ते मानतात. मग उद्यानात झेब्र्याला जागा आहे आणि बिहोगोला नाही, हे कुठल्या सौंदर्यशास्त्रानुसार? इन्फील्ड यांनी मांडलं की लांब शिंगांची गाय हीदेखील या भूमीचं मूल्य म्हणून उद्यानाने स्वीकारावी. ही कल्पना ऐकायला सोपी, अंमलात आणायला भारी अवघड. शंभर गायींना आत सोडलं की पाचशे कुणाच्या, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय अंकोले गायच आता कमी होत चालली आहे. जास्त दूध देते म्हणून लोक काळीपांढरी होल्स्टीन आणतात, संकर करतात. आमच्या ड्रायव्हरच्या घरीही दोनच अंकोले उरल्या होत्या. “दूध किती देतात?” आम्ही विचारलं. “फार नाही. वडील सकाळी उठून त्यांच्याकडे बघतात,” तो म्हणाला.

आणि कुरणाचं काय झालं? गुरं गेली, हत्ती तर आधीच गेलेले, आग बंद. बाभळीची एक स्थानिक जात, अकेशिया हॉकी, उद्यानभर माजली आहे. उघडं माळरान भराभर झाडीने भरतंय, गवत कमी होतंय, आणि चरणारी जनावरं उद्यान सोडून बाहेरच्या रँचवर जाताहेत, कारण गायींनी चरून ठेवलेलं आखूड, कोवळं गवत तिथे आहे. आम्हाला झेब्र्यांचा सर्वांत मोठा कळप उद्यानाबाहेर, गायींमध्ये दिसला तो काही योगायोगाने नव्हे. आत मात्र माणसं लावून बाभूळ तोडावी लागते. आम्ही पायी फिरत होतो तेव्हा एका उतारावर तोडलेल्या बाभळींचे ढीग वाळत पडले होते. रेंजरला विचारलं, हे काम पूर्वी कोण करत होतं? तो गालात हसला आणि पुढे चालू लागला.

कोरड्या महिन्यांत रात्री गुरं चोरून पाण्यावर आणली जातात, पकडली तर दंड होतो, पुन्हा आणली जातात. आम्ही होतो त्या आठवड्यातही एका सकाळी सरोवराकडे जाणाऱ्या वाटेवर ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. आमच्यातल्या एकाने विचारलं, रानम्हैस का? रेंजरने वाकून पाहिलं, “नाही, गाय,” एवढंच म्हणाला, आणि बुटाने मातीवर माती सारली.

वेळ संपत आली आहे. काही प्रश्न असतील तर घेऊ. आणि तो फिनफूट नक्की दिसला का, हे कृपया विचारू नका.